चितळं येतात त्या घराची डागडुजी



आजचा विषय आहे जंगलाच्या कडेचं घर आणि त्या घराची बाग. आता बीरगांवात राहणाऱ्या माणसाने हरणांवर बोलावं म्हणजे काहींना हसू येईल. ज्यांनी आमचं गाव पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. रायपूरला लागून असलेली ही वस्ती आहे. शेजारी उरला, पुढे सिलतरा, आणि जिकडे बघाल तिकडे कारखाने. स्पंज आयर्नच्या भट्ट्यांची काळी पूड गच्चीवर बसते. कुंडीतल्या तुळशीचं पान सकाळी पुसलं तर बोट काळं होतं. इथे हरीण येत नाही आणि मेथीसुद्धा नाखुशीनेच येते.

पण म्हणूनच इथल्या बऱ्याच कुटुंबांचा एक पाय बाहेर असतो. कुणाचं मूळ गाव कसडोलकडे, कुणी निवृत्तीनंतर राहायला म्हणून पिथौऱ्याच्या किंवा सिरपूरच्या बाजूला जुनं कौलारू घर घेतलेलं. आमचंही तिकडे एक घर आहे, मातीच्या भिंतींचं, मागे बाडी असलेलं. बाडी म्हणजे आपली परसबाग. छत्तीसगढीत बारी म्हणतात. हा सगळा पट्टा बारनवापारा अभयारण्याच्या आसपासचा. अभयारण्य १९७६ सालचं, साधारण २४५ चौरस किलोमीटरचं. बार आणि नवापारा या दोन वनग्रामांवरून त्याला नाव पडलं. आत चितळ आहे, सांबर आहे, भेकर आहे. भेकराला इकडे कोटरी म्हणतात. रोही, गवा, अस्वल आणि बिबट्या तर आहेतच, आणि गेल्या काही वर्षांत हत्तीही फिरू लागलेत.

जे मी बारनवापाऱ्याबद्दल बोलेन ते ताडोबा, पेंच, नवेगाव-नागझिऱ्याच्या काठावर राहणाऱ्यांना जवळजवळ तसंच लागू आहे. चितळ एकच, घरं एकाच प्रकारची, चुली एकाच लाकडाच्या. फक्त भेंडीला तिकडे भेंडी म्हणतात आणि आमच्याकडे रमकेलिया.

लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कोणतं औषध फवारायचं? औषधाबद्दल मी बोलेन, पण शेवटाकडे, कारण त्याला फारसं महत्त्व नाही. त्याआधी वाफ्यात जाऊन बघा की भाजी खाल्ली कुणी.

हे गमतीने म्हणत नाही. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. ते पान कापत नाही. खालच्या दातांत धरतं आणि ओढतं. त्यामुळे खुडलेला शेंडा फाटलेला दिसतो, देठाचे तंतू लोंबत असतात. ससा कापतो तो तिरपा आणि स्वच्छ, चाकूने कापल्यासारखा. रानडुक्कर पानाच्या नादाला लागत नाही, ते जमीन उकरतं, रताळी आणि कंद शोधतं. साळिंदरही कंद खातं, शिवाय झाडाच्या बुंध्याची साल कुरतडतं. वानरं दिवसाढवळ्या येतात आणि अर्ध्या शेंगा खाऊन अर्ध्या फेकतात. आता गाय आणि बकरी यांचाही वरचा जबडा हरणासारखाच, त्यामुळे फाटलेला शेंडा पाहून तेवढ्यावर निकाल देता येत नाही. मग खूर बघायचे. चितळाचा खूर लहान, टोकदार, दोन उभ्या पाकळ्यांसारखा उमटतो. गाईचा रुंद आणि गोलसर. बकरीचा खूर आणि लेंड्या चितळासारख्याच दिसतात, पण बकरी रात्री बांधलेली असते. नुकसान रात्रीचं की दिवसाचं एवढं कळलं तरी अर्धा तपास झाला.

हा तपास मी एवढा लावून का धरतो? आमच्या भागात धान कापून झालं की गुरं मोकळी सोडतात. खुली चराई म्हणतात तिला. पावसाळ्याच्या तोंडाला गुरं बांधायची, शेतात जाऊ द्यायची नाहीत, या रिवाजाला इकडे रोका-छेका असं नाव आहे आणि २०२० साली सरकारनेही ती मोहीम म्हणून राबवली होती. पण धान कोठारात गेल्यापासून पुढच्या पावसापर्यंत गाई बाडीत शिरतात, आणि नाव येतं चितळावर. गाईसाठी साधं चार फुटी कुंपण आणि बंद होणारं फाटक पुरतं. चितळासाठी पुरत नाही. मग चार हजाराच्या जागी चाळीस हजार घालून बसतो माणूस.

समजा, चितळच आहे. तर चितळाची एक सवय लक्षात ठेवा, कारण सगळं कुंपण त्या सवयीवर बांधायचं आहे. चितळ दीड मीटरचं कुंपण उडी मारून पार करू शकतं, पण त्याला उडी मारायला आवडत नाही. त्याला आवडतं खालून घुसायला. मान खाली, पुढचे पाय दुमडून, झपकन आत. आपण काय करतो? वर काटेरी तारेचे चार पदर ओढतो, पाचवा ओढतो, आणि सगळ्यात खालचा पदर जमिनीपासून फूट-दीड फूट वर ठेवतो. चितळाला तर दारच उघडून दिलं. शिवाय घाईत घुसताना पाठ फाटते ती वेगळी. काटेरी तार चितळासाठी वापरूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. ती थांबवत नाही, फक्त जखमी करते.

तारजाळी घ्या, म्हणजे चौकटीची विणलेली जाळी. उंची सहा फूट, जमल्यास सात. आणि मुख्य काम खाली. जाळीचा खालचा फूटभर भाग बाहेरच्या बाजूला जमिनीवर दुमडून पसरायचा, त्यावर दगड किंवा माती टाकायची. वर गवत आलं की तो दिसतही नाही. घुसायला आलेलं जनावर त्या पसरलेल्या जाळीवर उभं राहतं, त्यामुळे त्याला खालून उचकता येत नाही. डुक्कर असेल तर दुमड दोन फुटांची करा. खांबांना बांबू चालेल, पण बांबूचा जमिनीत जाणारा भाग वाळवीपासून वाचवायला जाळून काळा करतात, ते करून घ्या. फाटकाखालची फट हा कुंपणाचाच भाग असतो आणि गवंडी तो कायम विसरतो. तिथे लाकडाचा उंबरा घाला.

जाळीला पैसे नसतील तर लोक जुन्या साड्या बांधतात. विदर्भात पाहिलं असेल, शेतभर रंगीबेरंगी साड्या. काही दिवस चालतं. वाऱ्याने हलणारी वस्तू नवीन असेपर्यंत जनावर बिचकतं, मग सरावतं. पण नायलॉनची साडी किंवा मासे पकडायचं जुनं जाळं सैल बांधलेलं असेल तर नराची शिंगं त्यात अडकतात. अडकलेला नर सुटायला धडपडतो आणि मान मोडून किंवा नुसत्या दमाने मरतो. साडी बांधायची तर सुती, ताठ ओढलेली आणि रोज बघता येईल अशी.

एक गोष्ट मात्र मला स्वस्तातली आणि खरी उपयोगाची वाटते. हरीण अरुंद जागेत उडी मारायला नाखूष असतं, कारण आत गेल्यावर पळायला जागा नसते. म्हणून अख्ख्या अर्ध्या एकराला कुंपण घालण्याऐवजी घरामागे आठ-दहा फूट रुंदीची लांबट पट्टी कुंपणात घ्या आणि भाजी फक्त तिथे करा. जाळी कमी लागते, आणि लहान कोंडवाड्यासारखी जागा दिसली की चितळ दुसरीकडे वळतं. अमेरिकेत पांढऱ्या शेपटीची हरणं घराघरांच्या मागे फिरतात. न्यू जर्सीत भेंडी आणि दोडका लावणाऱ्या आपल्या मंडळींना हा ताप चांगला माहीत आहे. तिकडे एकाऐवजी दोन ठेंगणी कुंपणं चार-पाच फुटांचं अंतर ठेवून घालायची पद्धत आहे. हरणाला खोली ओळखता येत नाही, म्हणून ते उडी टाळतं. ते हरीण वेगळं, त्याची उडी आपल्या चितळापेक्षा मोठी, पण विचार तोच.

आता विजेबद्दल बोलू, आणि इथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे.

घरातल्या मीटरमधून किंवा वरच्या लाइनवर आकडा टाकून वाफ्याभोवती उघडी तार सोडणं हा प्रकार छत्तीसगढमध्येही होतो, विदर्भातही होतो. कुणी डुकरासाठी करतं, कुणी चितळाच्या मटणासाठी, आणि कुणी खरंच फक्त भाजी वाचवायला. त्या तारेला वाघ मेलेत, हत्ती मेलेत, आणि माणसं मेली आहेत: पहाटे लोटा घेऊन निघालेली, बैल शोधायला गेलेली, कधी तार लावणाऱ्याच्याच घरातली. घरच्या विजेचा २३० व्होल्टचा प्रवाह सलग वाहतो. तार हाताला लागली की स्नायू आवळले जातात आणि हात सुटत नाही. ओल्या जमिनीवर, अनवाणी पायाने, वाचायची शक्यता फार थोडी.

सौर कुंपण म्हणजे हेच, असा काहींचा समज आहे. ते पूर्ण वेगळं आहे. त्यात बॅटरीवर चालणारं एक यंत्र तारेत झटके सोडतं, साधारण सेकंदाला एक, आणि प्रत्येक झटका सेकंदाच्या अगदी छोट्या हिश्शाचा. दाब मोठा, पण वेळ इतका थोडा की जनावर दचकून मागे सरतं आणि दोन झटक्यांच्या मधल्या वेळात सुटतं. हे यंत्र प्रमाणित कंपनीचं घ्यावं लागतं, घरी जुळवायचं नसतं. महाराष्ट्रात डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून जंगलालगतच्या गावांना सौर कुंपणासाठी अनुदान मिळतं. तुमच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा. पण ज्यांचं घर फक्त शनिवार-रविवारचं आहे त्यांना मी सौर कुंपण घेऊ नका असंच सांगतो. पावसाळ्यात गवत आठवड्यात तारेला टेकतं, तारेतला जोर गवतातून जमिनीत जातो आणि कुंपण नुसतं दिसायला उरतं. त्याला रोज फेरी मारणारा माणूस हवा. तो नसेल तर तारजाळी बरी, ती आपल्या पाठीमागेही उभी असते.

घरच्या विजेची तार सोडणाऱ्यावर वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली गुन्हा होतो, आकडा असेल तर वीजचोरीचा होतो, आणि माणूस मेला तर सदोष मनुष्यवधाचा. तरी मी कायद्याची भीती घालत बसणार नाही, कारण गावात ती भीती फार चालत नाही. एवढंच बघा की तुमच्या वाफ्यात पहाटे सगळ्यात आधी कोण जातं. बहुतेक घरांत ती घरातली बाई असते.

आता घराच्या दुरुस्तीकडे येऊ. नवीन घर घेतलं की लोक आधी टाइल्स बघतात, मग स्वयंपाकघराचा ओटा. माझ्या यादीत पहिलं नाव विहिरीचं आहे. जंगलकाठच्या जुन्या विहिरींना कठडा नसतो, किंवा ढासळलेला असतो, आणि काठावर बेशरमाची झुडपं माजलेली असतात. रात्री कुत्र्यांनी पाठलाग केलेलं चितळ त्या झुडपात शिरतं आणि थेट आत पडतं. बिबटेही पडतात. महाराष्ट्रात जुन्नर भागातून विहिरीत पडलेल्या बिबट्याच्या बातम्या आपण वाचतोच. चितळ पोहतं, पण उभ्या भिंतीच्या विहिरीत किती पोहणार? सकाळी पाणी खराब झालेलं असतं आणि ते उपसण्याचा खर्च कठड्याच्या खर्चाच्या वर जातो. चार फुटांचा पक्का कठडा बांधा, वर लोखंडी सळ्यांची जाळी टाका, भोवतीची झुडपं कापा. आपलीही लेकरं त्याच अंगणात खेळतात.

विहिरीचा दुसरा भाऊ म्हणजे अर्धवट बांधकाम. संडासाचा खड्डा खणला, पायाचे चर मारले आणि गवंडी लग्नसराईत गायब झाला. पंधरा दिवस तो खड्डा उघडा. काम थांबलं की त्या दिवशीच खड्ड्यावर फळ्या टाकायच्या, आणि चर लांब असेल तर एका टोकाला मातीचा उतार सोडायचा. म्हणजे आत पडलेलं जनावर त्या बाजूने चढून येतं. उताराला पैसे पडत नाहीत, फावड्याचे दहा-बारा घाव पुरतात.

आता लॉन. शहरातून आलेल्या माणसाला घरासमोर लॉन हवंच असतं. मंडळी, चितळ मुख्यतः गवत खाणारं जनावर आहे. कोवळं, आखूड, पाणी दिलेलं गवत, तेही उन्हाळ्यात जेव्हा जंगलात सगळं वाळलेलं असतं, आणि मोकळी जागा, जिथे बिबट्या लपू शकत नाही! जंगलातल्या विश्रामगृहांच्या आवारात चितळं रात्री येऊन बसतात ती याच कारणाने. तुम्ही लॉन लावलं म्हणजे घरासमोर त्यांची रात्रीची धर्मशाळा उघडली. मग त्यांच्या मागे कुत्री येतात, आणि कधी ना कधी बिबट्याही येतो.

त्यापेक्षा इकडच्या जुन्या घरांचं अंगण बघा. मुरूम टाकून चोपलेलं, शेणाने सारवलेलं, रोज झाडलेलं, गवताची काडी नसलेलं. भिंतीला पांढरी छुही माती. त्या अंगणात साप दूरवरून दिसतो, विंचू दिसतो, आणि चितळाला थांबायला कारण उरत नाही. दहा-पंधरा फुटांचं असं अंगण घराभोवती सगळीकडे ठेवलं की निम्मी कटकट कमी होते. आमच्या घराला आधीच्या मालकाने सिमेंटचं अंगण करून घेतलं होतं, त्याला उन्हाळ्यात दुपारी पाय लावता येत नाही. मुरूम पुन्हा टाकला.

पाण्याचंही असंच आहे. चितळाला रोज पाणी लागतं. गळका नळ, मोरीचं साचलेलं सांडपाणी, गुरांचं उघडं टाकं हे एप्रिल-मे महिन्यांत जंगलापर्यंत निरोप पोचवतं. मोरीचं पाणी पाइपने कुंपणातल्या केळीला सोडा. गुरांचं टाकं गोठ्यात आत ठेवा. मिठाचा खडा बाहेर टांगू नका. यात दुसराही धोका आहे: लाळ्या-खुरकूत गुरांकडून हरणांना होतो, आणि गोचिडींची देवाणघेवाण तर चालूच असते. एकाच टाक्यावर दोघं आले की दोघांचं नुकसान. गुरांना लस वेळेवर टोचून घ्या.

मोहाचं झाड घराजवळ असेल तर मार्च-एप्रिलमध्ये फुलं पहाटेपर्यंत गळतात. चितळ रात्रीच येऊन खातं. त्याचं काही नाही, पण त्याच फुलांवर अस्वलही येतं, आणि अंधारात अस्वलाशी गाठ पडणं फार वाईट. उजेड झाल्याशिवाय मोहाखाली जाऊ नका, बोलत जा, एकटे जाऊ नका. फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, त्यातून वणवे लागतात. पाला झाडून काढा किंवा झाडाखाली जाळं बांधा, फुलं स्वच्छ मिळतात आणि वाळवायलाही बरी. हत्तींचा वावर असलेल्या गावात वाळलेला मोह आणि धान झोपायच्या खोलीत साठवू नये. वासावर येऊन ते मातीची भिंत पाडतात.

आता बाग. काय लावायचं?

चितळाला आवडतं ते आपल्यालाही आवडतं, ही खरी अडचण. चवळी, वाल, हरभरा, रताळ्याचा वेल, पालक, लाल भाजी, भेंडी. तिवरा, म्हणजे भंडारा-गोंदियाची लाखोरी, तर दिसली की संपलीच. फुलांत गुलाब आणि जास्वंद. हे सगळं कुंपणाच्या आतल्या पट्टीत.

कुंपणाबाहेर हळद, आलं, गवती चहा, पुदिना, कोरफड, तुळस लावा. वासाची आणि तिखट पानांची झाडं हरीण सहसा सोडतं. सीताफळाच्या पानाला बकरीसुद्धा तोंड लावत नाही. अडुळसा, निरगुडी, मेंदी यांचंही तेच. करवंदाची दाट जाळी चांगली होते आणि करवंदं मिळतात ती वेगळी. सागरगोट्याचा काटेरी वेल जाळीवर चढवला तर दोन पावसाळ्यांत भिंत तयार होते. कुणी घायपात लावतं, तीही बरी, फक्त पायवाटेपासून लांब लावा, डोळ्याला टोक लागतं.

दोन झाडं मी सुचवणार नाही. एक बेशरम. ती कुणी खात नाही हे खरं, पण तळ्यात उतरते आणि मग निघत नाही. दुसरं रतनजोत, आपण चंद्रज्योत म्हणतो ते. साधारण वीस वर्षांपूर्वी छत्तीसगढमध्ये जैविक डिझेलच्या नावाने याची प्रचंड लागवड झाली. डिझेल फारसं निघालं नाही, कुंपणं राहिली. त्याच्या बिया विषारी असतात, आणि चवीला बऱ्या लागतात म्हणून मुलं खातात आणि उलट्या-जुलाबांनी दवाखान्यात जातात. लहान मुलं येणाऱ्या घरात ते नकोच. कण्हेरीबद्दलही हेच म्हणेन.

कुठलंच झाड हमखास नाही, हेही लक्षात ठेवा. मे महिन्यात भुकेलं चितळ फेब्रुवारीत नको म्हटलेलं पान खातं.

नवीन लावलेल्या आंब्याला किंवा मुनग्याला, म्हणजे शेवग्याला, पहिली तीन-चार वर्षं वेगळं संरक्षण हवं. नर मागच्या पायांवर उभा राहून फांदी ओढतो, त्यामुळे तीन फुटी टोपलं पुरत नाही. सहा फुटांचा बांबूचा किंवा जाळीचा गोल कठडा करा, खोडापासून दोन फूट लांब. शिवाय नर नवीन शिंगांवरची मखमल काढायला आणि माजावर आला की कोवळ्या खोडावर शिंगं घासतात आणि साल सोलून टाकतात. साल चहूबाजूंनी गेली की झाड मेलंच. तेव्हा खालचं खोडही झाका.

औषधांचं आता सांगतो. सलूनमधले केस, फिनाइलच्या गोळ्या, रात्रभर चालणारा रेडिओ, लुकलुकणारे दिवे हे सगळं आठवडा-दोन आठवडे चालतं. त्यातल्या त्यात अंड्याचं पाणी बरं: एक अंडं लिटरभर पाण्यात फेटून, दोन दिवस ठेवून, गाळून फवारायचं. कुजक्या अंड्याचा वास पाला खाणाऱ्या जनावराला आवडत नाही. पाऊस पडला की पुन्हा. हे फुलझाडांवर आणि फळांच्या रोपांवर करा. जी पालेभाजी उद्या ताटात येणार तिच्यावर नको.

कुत्रा पाळायचा का, हे विचारतात. पाळा, पण मोकळा सोडून चितळामागे लावू नका. जंगलकाठच्या गावांत मोकाट कुत्री टोळीने चितळं मारतात, त्यात आपलं एक वाढवायला नको. आणि रात्री अंगणात साखळीने बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्याला वाढलेलं ताट. रात्री त्याला घरात किंवा बंद खुराड्यात घ्या.

या सगळ्यातून चितळं दिसणारच नाहीत असं घर करायचं का? मुळीच नाही. मीही त्या घरी जातो ते काही नुसती भेंडी खायला जात नाही. जमीन असेल तर घरापासून दूरच्या टोकाला, जंगलाच्या बाजूला, आवळा आणि बोर लावा. आवळ्याचं चितळाशी जुनं नातं आहे: चितळ फळ गिळतं आणि पुढे रवंथ करताना आठोळी बाहेर टाकतं, तिथे आवळा उगवतो. वानरं वर असली की खाली फळं आणि पाला पडतो आणि चितळं त्यांच्या मागे येतात. वानराला वरून बिबट्या आधी दिसतो, चितळाला वास आधी येतो, दोघांच्या ओरडण्याचा उपयोग दोघांनाही होतो. परछीत, म्हणजे ओसरीत, खुर्ची टाकून शंभर-दीडशे पावलांवरून हे बघायला मिळतं. त्यांना आपला पत्ता लागत नाही, आपल्याला सगळं दिसतं.

मात्र हाताने खायला घालणं नको. पाहुणे येतात, बिस्किटं पुढे करतात, फोटो काढतात. माणसाला सरावलेलं चितळ पुढच्या गावातल्या माणसालाही घाबरत नाही, आणि तिथे बिस्किटाऐवजी फासा असतो. सरावलेला नर माजावर असताना आपल्याच अंगावर येतो, आणि त्याच्या शिंगांची टोकं चांगलीच लागतात.

एक शेवटचं. कधी तरी बाडीच्या गवतात ठिपक्यांचं पाडस एकटं, न हलता बसलेलं दिसेल. ते सोडून दिलेलं नसतं. आईने त्याला लपवून ठेवलेलं असतं आणि ती जवळच चरत असते. उचलू नका, दूध पाजू नका, मुलांना जवळ नेऊ नका. फाटक उघडं ठेवा, कुत्रा आत घ्या आणि तुम्हीही आत जा. संध्याकाळनंतर ती येऊन नेते. दुसऱ्या दिवशीही ते तिथेच निपचित असेल, किंवा मोठं चितळ जाळीत अडकलं असेल, तर स्वतः ओढाताण करू नका. पकडापकडीच्या भीतीनेच हरीण काही तासांत किंवा दोन-चार दिवसांत दगावतं. लोकांना लांब करा, आवाज बंद करा, जमलं तर डोळ्यांवर कापड टाका आणि वनरक्षकाला बोलवा. महाराष्ट्रात १९२६ हा वनविभागाचा क्रमांक आहे. इकडे छत्तीसगढमध्ये आपल्या बीटच्या वनरक्षकाचा नंबर घर घेतलं त्या आठवड्यातच मागून घ्या आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा, कारण मोबाइलला तिथे रेंज येईल तेव्हा येईल, पण शेजारच्या फोनवरून लावायला नंबर तरी पाहिजे.